हलीमाखाला, तुमच्या ताटात काय मांडू?

खाला, परवा अरफा आहे आणि तुमच्या ताटात काय मांडायचं हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

हसू नका. चाळिसावा निभावला कसाबसा. त्या दिवशी गावजेवण असतं, देग चढते, माणसं जेवून उठतात; गेलेल्या माणसाला काय आवडायचं हे कुणी विचारत बसत नाही. शब-ए-बारातच्या आदल्या दिवसाचं, या अरफ्याचं, तसं नाही. वर्षभरात जे माणूस गेलं त्याला त्या दिवशी घरातल्या जुन्या मुर्द्यांत मिळवायचं, त्याच्या आवडीचं रांधायचं, ऊद जाळायचा आणि फातेहा द्यायची. आपल्या घरात हा दिवस तुमचा. ज्या बाईनं सगळं आयुष्य दुसऱ्यांची ताटं मांडली तिचंच ताट रिकामं राहायची वेळ आलीय, आणि मला हे इतकं विचित्र वाटतंय की रडायचं सोडून मी चौकशा करत सुटलेय.

तुमचा महेबूब म्हणतो, "अम्माला बिर्याणी आवडायची." बिर्याणी त्याला आवडते. भाभी म्हणते, कांदाभजी. ती तिला आवडतात. माझी अम्मी, म्हणजे तुमची धाकटी बहीण, छातीठोकपणे सांगते की आपाला शेवयाची खीरच लागायची. अम्मीच्या स्वतःच्या बशीत रोज काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन "मेरेकू येच पसंद" म्हणून खाऊन आलात, आणि आता तिघं माझ्यासमोर भांडताहेत. मला विचाराल तर मी शपथेवर काहीच सांगू शकत नाही. पंचवीस-तीस वर्षं मी तुमच्या मागं प्रश्न घेऊन फिरले, फोनमध्ये तुमचा आवाज भरून ठेवला, आणि हा एक प्रश्न कधी विचारला नाही.

हे छापून येईल तेव्हा वाचणाऱ्यांना आपलं काही माहीत नसणार, म्हणून थोडं सांगते. आपलं गाव धाराशिवकडचं, बेंबळीच्या पुढं. निजामाचं राज्य संपत आलं तेव्हा आधी रझाकारांनी उच्छाद मांडला, आणि मग पोलीस ॲक्शन झाल्यावर त्याचा सूड आमच्या लोकांवर निघाला. रझाकारांत असलेले आणि नसलेले, दोन्ही मारले गेले. खालाचे अब्बा, दोन चाचा, दादी आणि पाळण्यातला भाऊ गफूर त्यात गेले. मारणारे बाहेरून आले होते, असं गाव आजही सांगतं. बाहेरच्यांना घरं कुणी दाखवली, यावर गाव आजही गप्प बसतं. खाला तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिची आई तिला घेऊन कडब्याच्या गंजीत लपली म्हणून दोघी वाचल्या. माझी अम्मी तेव्हा आईच्या पोटात होती.

अम्मीवरून आपला एकदा केवढा वाद झाला होता! मी कॉलेजात मराठी शिकवते, आणि माझा आवडता विषय हाच: कत्तलीतून जीव वाचलेली माणसं जे मागं ठेवतात आणि त्यांची मुलं-नातवंडं जे रचतात, त्यात फरक काय? मी तुम्हाला विचारलं होतं, अम्मीला कुठं धरायचं? ती त्या दिवशी तिथं होती, पण तिनं काही पाहिलं नाही. तुम्ही तांदूळ निवडत होतात. म्हणालात, "पोटात हुती म्हणून काय झालं? भ्याली न्हाय व्हय ती? अजून दार वाजलं की दचकती." आपण घरात दखनीत बोलायचो, पण माझ्याशी वाद घालायचा असला की तुम्ही मुद्दाम गावच्या मराठीत यायचात. मराठीच्या मास्तरणीला मराठीत हरवायची हौस होती तुम्हाला.

तुमचा अरफा मी लहानपणापासून पाहिला. दुपारी अंगण सारवून झालं की चटई अंथरायची, त्यावर एकेक ताट. अब्बांच्या ताटात वांग्याचं भरीत आणि भाकरी. मोठ्या चाचांना खिमा. धाकट्याला गुळाचा मलिदा. दादीला दालचा, म्हणजे मटण-दुधीची डाळ, त्यात दुधी जास्त. कुणाचीही कबर धड सापडत नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांना जेवायला घरीच बोलवायचात. ते कसे मेले याबद्दल एक शब्द नाही. गावातली नवी शिकलेली पोरं एकदा म्हणाली, "खाला, मुर्दे जेवत नसतात." तुम्ही म्हणालात, "हौ, मालूम. तुमी जिवंत हाव ना? मग बसा." आणि ती पोरं निमूट बसून जेवली.

गफूरमामूचं ताट मला फार उशिरा दिसलं. दिसलं म्हणजे त्यातलं कळलं. तो गेला तेव्हा त्याला धड दातही नव्हते, मग त्याच्या डब्यात आंबट वरण आणि भाकरी कशी, असं मी कॉलेजात शिकत असताना विचारलं. तुम्ही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंत की जणू मीच खुळी. "आता काय बारका हाय का तो?" म्हणालात. तेव्हा हळूहळू एकेक बाहेर आलं. पहिली काही वर्षं तुमच्या आईनं त्याच्यासाठी दूधभात कालवला होता. मग आई गेली, ताटं तुमच्याकडं आली आणि मामू तुमच्या हाताखाली वाढायला लागला. तो लग्नाचा झाला असता त्या वर्षापासून तुम्ही त्याच्यासाठी जर्दा, म्हणजे लग्नातला गोड केशरी भात, करू लागलात. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याचं ताट नसायचंच, डबा असायचा, फडक्यात बांधलेला. मला वाटायचं ही काहीतरी रीत असेल. तर म्हणे, "ढोकीच्या कारखान्यावर लागला असता की. दुपारपाळीला ताट घिऊन जातंय का कुणी?"

मी पोट धरून हसले होते, खाला. तुम्हीही हसलात. पुढं तुमच्या हिशोबानं तो रिटायर झाला आणि डबा परत चटईवर ताट होऊन आला. मग एका वर्षी जर्दा बंद. कारण काय, तर "साखर झाली असंल त्याला. आपल्या घरात कुणाला सुटलीय?" आणि या शेवटच्या काही वर्षांत मऊ खिचडी, कारण दात पडले. दात न आलेला भाऊ तुमच्या चटईवर बसून बोळका म्हातारा झाला.

मी वर्गात दूरदेशीच्या छळछावण्यांतून परतलेल्यांचं लिखाण वाचून दाखवते, फाळणीतल्यांचं दाखवते, आणि मग त्यांच्या नातवंडांचं. मुलांना विचारते, काय फरक दिसतो? एक मुलगी म्हणाली होती, "मॅडम, म्हातारी माणसं भांड्याकुंड्याचं, चपलांचं, भाकरीचं लिहितात. नातवंडं रक्ताचं लिहितात." मी तिला शाबासकी दिली आणि घरी येऊन, आपल्या गावच्या कत्तलीवर मी तेव्हा लिहीत होते त्या एकांकिकेत आणखी एक रक्ताचा प्रसंग घातला. माणसाला दुसऱ्याच्या घरातला केर बरोबर दिसतो.

ती एकांकिका दाखवायला मी तुम्हाला धाराशिवला घेऊन गेले. पहिल्या रांगेत तुम्ही आणि शेजारी काशीमावशी. काशीमावशी म्हणजे तुमची बालमैत्रीण, लिंगायतांच्या घरातली, तुमच्याच वयाची. तिच्या वडिलांना तुमच्या अब्बांच्या आधी काही महिने रझाकारांनी मारलं होतं. एका कत्तलीच्या या बाजूची एक आणि त्या बाजूची एक, अशा दोघी म्हाताऱ्या एकाच पिशवीतले फुटाणे खात माझं नाटक बघत होत्या. लोक रडले. टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकले. परतताना जीप बेंबळीपर्यंत आली.

तुम्ही म्हणालात, "नसीम, तुझ्या नाटकात सगळे मरायलाच आलेत गं."

मी चिडले. म्हटलं, "मेले नाहीत का ते?"

"मेले. पर त्या आधी माझा बाप शेतातून यायचा. पाणी मागायचा. वहाणा कुठं काढायचा, काय खायाचा, कुणाला वरडायचा, काय न्हाय त्यात. आला की मेला."

"लोकांना कळायला नको का काय झालं ते?"

"कळू दे की. म्या कुठं नगं म्हणले?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात. "पर रोज रोज मारू नगंस."

काशीमावशी मागच्या सीटवरून म्हणाली, "आमच्या दगडाचं बी तसंच हाय." तिच्या पुतण्यांनी गावाच्या वेशीत तिच्या वडिलांच्या नावाचा दगड उभा केलाय. मुक्तिदिनाला त्याला हार घालतात, भाषणं होतात. दगडावर नाव आहे, 'हुतात्मा' आहे आणि मेल्याची तारीख आहे. काशीमावशीला स्वतःला लिहिता येत नाही. तिनं आपल्या बापाचं जे काही ठेवलं ते जात्यावर ठेवलं. तुमच्या सांगण्यावरून तिनं मला एकदा म्हणून दाखवलं होतं:

दळण सरलं माझं, जातं फिरतं अजून
बाप वाटेवर माझा, येतो बैलाला पाजून

म्हणजे तिच्याकडं बाप अजून वाटेवर आहे, बैलांना पाणी पाजून घरी येतोय. पुतण्यांच्या दगडावर तो एका तारखेला थांबला. मला तेव्हा कळायला हवं होतं की पुतणे आणि मी एकाच जातीचे. आम्ही पाहिलेलं नाही, म्हणून आम्हाला मरणच घट्ट धरून बसावं लागतं. तुम्ही दोघींनी मरण पाहिलं होतं आणि तुम्हाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पण मी ते कबूल केलं नाही. उलट मी दुसरंच भांडण उकरून काढलं. म्हटलं, "त्यांच्या माणसाला दगड आहे, हार आहे. आपल्यांना काय आहे? आणि तुम्ही दर मुक्तिदिनाला तिथं जाऊन उभ्या राहता!" जीपमध्ये काशीमावशी बसली होती, तरी बोलले. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिचा बाप मला खांद्यावर घिऊन जत्रा दाखवायचा." हे भांडण आपलं मिटलं नाही. आपल्या माणसांना दगड हवा होता असं मला आजही वाटतं, खाला. तुमच्या मैत्रीवर माझा राग नव्हता. गावानं कधी एक शब्द उच्चारला नाही, त्याचा राग होता आणि आहे.

आणि त्यानंतरच्या अरफ्याला तुम्ही माझ्या पायाखालची चटई ओढलीत. तुमच्या ताटांवर मी एक लेख लिहिला होता: अब्बांना भरीत आवडायचं, चाचांना खिमा, जीव वाचलेल्या माणसाच्या आठवणीत चव कशी शाबूत राहते वगैरे. मोठ्या तोऱ्यात तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही भरिताचं वांगं भाजत होतात. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चांगलं लिवलंस. पर अब्बाला भरीत आवडायचं का न्हाय, मेरेकू क्या मालूम?"

मला वाटलं, तुमचं वय बोलतंय.

"म्या एवढीशी हुते. अम्मा तर त्या दिवसापास्नं त्यांचं नावबी काढायची न्हाय. गफूरला दूधभात कालवायची न् गप बसायची. दादीचं दालच्याचं तेवढं खरं, ते आठवतंय मला. बाकी म्या ठरवलं."

"म्हणजे खोटं?"

"खोटं कशाला?" तुम्ही भरिताचा घास माझ्या तोंडापुढं धरलात. "चाखून बघ."

महिनाभर मी तुमच्यावर रुसले होते. माझा लेख छापून आला होता, त्यात 'साक्ष' हा शब्द जागोजाग होता. आणि साक्षीदार बाई म्हणते, म्या ठरवलं! मी नाटकात रक्त रचलं आणि तुम्ही भरीत रचलंत, मग आपल्यात फरक काय उरला? हा प्रश्न मी तुम्हाला नीट विचारणार होते. हुरड्याला येते, बसून बोलू, असं फोनवर म्हटलं होतं. हुरड्याच्या दिवसांतच तुम्ही गेलात, दुपारी पडल्या पडल्या, आणि तो प्रश्न माझ्याकडंच राहिला. आता वाटतं, फरक एवढाच असेल की तुमच्या रचण्यात ती माणसं उद्यासुद्धा जेवायला येऊ शकत होती. माझ्या नाटकात पडदा पडला की संपलं.

इथवर लिहून थांबले होते. आज अरफा झाला. काय झालं ते सांगते.

सकाळी महेबूबच्या घरात बिर्याणी, भजी आणि खीर या तिन्हींची तयारी बघून मी बाहेर पडले आणि काशीमावशीकडं गेले. तिला विचारायचं आधी सुचलं नाही, कारण ती आपल्यातली नाही, असं डोक्यात कुठंतरी बसलेलं असणार. ती ओट्यावर ऊन खात होती. मी विचारलं, "काशीमावशी, खालाला खायला काय आवडायचं?"

"शेंगुळे," ती म्हणाली. विचारसुद्धा केला नाही.

"शेंगोळे? आमच्या घरात ते कधी झालेच नाहीत."

"घरी कशाला करंल? माझ्याकडं येऊन खायाची की. हुलग्याचं पीठ संपलं का म्हणून इचारीत यायची. लई तिखट लागायचं तिला."

"मग घरी का नाही सांगितलं कधी?"

काशीमावशीनं रस्त्याकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "तिनं नगं म्हणलं हुतं. पर आता काय, गेली ती. म्हणायची, काशे, घरात म्हाईत झालं की पोरं माझं बी ताट मांडतील. एकदा मांडाय लागलं की सुटत न्हाय बघ. अम्मानं माझ्या गळ्यात घातलं, म्या जलमभर रांधलं. लई जीव दमतोय. पोरींच्या गळ्यात नगं घालाय."

मी तिथंच ओट्यावर बसले. खाला, मी त्या ताटांवर लेख लिहिला, वर्गात शिकवलं, त्यांना तुमची कलाकृती म्हटलं. आणि तुम्ही दमला होतात. लहानपणापासून एका घरची मेलेली माणसं तुम्ही पोसलीत, त्यांना वाढवलंत, त्यांची लग्नं केलीत, त्यांची दुखणी काढलीत, आणि आम्ही म्हणालो, वा, काय आठवण आहे! मला तुमचा फार राग आला आणि तुमची इतकी माया आली की काशीमावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. एकदा तरी सांगायचं होतंत. मी भांडी तरी घासली असती.

"रडू नगं," ती म्हणाली. "डब्यात हुलग्याचं पीठ हाय. मळ."

तिनं सांगितलं तसं मी पीठ मळलं, लसूण-मिरचीचा गोळा त्यात घातला. वळायचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं, कारण माझे जाड होत होते. तिच्या हातात शेंगोळ्यांची कडी बरोबर जुळत होती. फोडणीच्या पाण्याला उकळी आली तशी तिनं ती एकेक सोडली.

महेबूबचा फोन आला: ताटं मांडलीत, लवकर ये. मी विचारलं, गफूरमामूचं? म्हणाला, खिचडी केलीय, मऊ. मी त्याला म्हटलं, राहू दे, ते ताट उचल. त्याला करून घालणारं माणूस आता तिकडंच गेलंय. फोनमधून महेबूबचा नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "आणि अम्माच्या ताटात?" मी सांगितलं, तुम्हाला तिघांना जे वाटतं ते करा, तिनं तुमच्या प्रत्येकाकडं ते खाल्लंय, ते खोटं नाही. शेंगोळ्यांचं त्याला बोलले नाही. इथं मात्र लिहून बसले. तुमच्यासारखं गप्प राहून ठेवता येत नाही मला, आणि यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे.

काशीमावशीनं एक वाटी भरली. मी विचारलं, "ही तिच्या नावानं बाजूला ठेवू?"

"ठिवू नगं. खा. गरम हाय तवर."

जाळ तिखट झालं होतं. आम्हा दोघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काशीमावशी म्हणत होती, हलीमाला असंच लागायचं. मेलेल्या कुणासाठीही नसलेली, फक्त तुमची अशी एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली होती, खाला. ती मी कुठल्या ताटात मांडली नाही. खाऊन टाकली, आणि आणखी वाढून घेतलं.